बिनबल्बचा तांबडा दिवा

बॅटरी भरायला सगळी रात्र जाणार, हे मी तुम्हाला संध्याकाळीच सांगितलं होतं. घाईनं भरली की आतल्या प्लेटा वाकतात, आणि मग तुमचे मालक येऊन माझ्या नावानं शंख करतात. तेव्हा आता सकाळपर्यंत इथंच बसा. भरमू, तू दाराकडं सरक, तिथं ॲसिडचा वास कमी येतो. किटलीत चहा आहे. आणि रवळू, तुझ्या हातातली ती पक्कड आधी खाली ठेव.

खाली ठेव म्हटलं ना.

मघाशी तू भरमूला काय म्हणालास ते मी ऐकलं. "बोर्डावरचा तांबडा दिवा कोल्लापुरापास्नं इझंना झालाय, त्येची वायरच तोडतो, म्हंजे कटकट न्हाय." म्हणालास आणि हसलास. पंचवीस वर्षं मी निपाणीत मोटारींच्या बॅटऱ्या भरतोय. हेच बोलणं आणि हेच हसणं मी या दुकानात पूर्वी एकदा ऐकलं आहे. त्याचं पुढं काय झालं ते आज सांगतो. ऐकून झाल्यावर वायर तोडायची असली तर खुशाल तोड, पक्कड मी स्वतः हातात देईन.

मी भुताखेताच्या मागं लागणारा माणूस नाही. अमावास्येला स्मशानाच्या वाटेनं सायकल मारत घरी गेलोय. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे म्हातारा चळला असं म्हणू नका.

गोष्ट ज्योतिबा मिस्त्रीची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. शेजारी आता सायकलवाला बसतो ना, तिथं त्याची शेड होती. माझा दोस्त. इंजिनाचं झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचा, अमक्या सिलिंडरचा प्लग गेलाय म्हणून. पण एक खोड होती. "जमणार न्हाय" हे शब्द त्याच्या तोंडातून कधी निघायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात आलं की आधी "व्हय, करतो की" म्हणून मोकळा व्हायचा आणि मग डोकं खाजवत बसायचा.

मोटार होती जिनाप्पाण्णांची. तंबाखूचे व्यापारी, जैन माणूस, जुन्या वळणाचे. चातुर्मासात दिवस बुडायच्या आत जेवण, हे त्यांच्यात घरोघर पाळतात. अण्णांनी तो नेम मोटारीलाही लावला होता. चार महिने मोटारीचे पुढचे दिवे लावायचे नाहीत. दिव्यावर किडेपाखरं झेपावतात, काचेवर आपटून मरतात, ती हिंसा नको. त्यामुळं आषाढ ते कार्तिक त्यांची मोटार मावळतीच्या आत दारात उभी असायची. अण्णांची मोटार कोंबड्यांबरोबर झोपते, असं लोक म्हणायचे. अण्णा ऐकायचे आणि हसायचे.

मोटार चालवायला मष्णू होता. खानापूर भागातला, नंदगडच्या बाजूचा. पूर्वी बैलगाडी हाकायचा, अण्णांनीच त्याला मोटार शिकवली होती. बायको रुक्माबाई अण्णांच्याच वखारीत तंबाखू निवडायची. एकच पोरगी, जया. ती दररोज संध्याकाळी वखारीच्या दारात उभी राहायची, आणि मष्णू तिला मांडीवर बसवून मोटार आत घ्यायचा. हॉर्न ती वाजवायची.

सन सदतीस, भाद्रपद महिना. एका संध्याकाळी मष्णू मोटार घेऊन ज्योतिबाकडं आला. म्हणाला, "मिस्त्री, बोर्डावरचा तांबडा दिवा इझंना झालाय."

आता रवळू, तू दोन वर्षं मोटार चालवतोस, तरी विचारतो. तो दिवा कशाला असतो? इंजिन फिरतं तसा डायनामो फिरतो आणि बॅटरीला पोसतो. तो पोसत असला की दिवा विझतो. पोसणं थांबलं की पेटतो. दिवा एवढंच सांगतो की बाबा, आता तू साठवलेलं खातोयस, येणं बंद झालंय.

ज्योतिबानं रीतीप्रमाणं बघितलं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला, घट्ट होता. बॅटरीची टोकं खरवडली. मोठे दिवे लावून इंजिन जोरात फिरवलं. डायनामो चांगला असला तर उजेड वाढायला पाहिजे. वाढला नाही. मग डायनामो उघडला. आतले वीज उचलणारे दोन्ही कार्बनचे ब्रश झिजून बोटाच्या नखाएवढे राहिले होते. नवे मुंबईहून मागवायचे, म्हणजे चार-पाच दिवस. आणि अण्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या कोर्टात तारीख. ज्योतिबा त्यांना आधीच बोलून बसला होता, "सकाळी मोटार दारात हाय म्हणून समजा."

रात्री नऊला तो त्या मोटारीची बॅटरी घेऊन माझ्याकडं आला. "मारुती, ही रातभर टच्च भरून दे." आणि खिशातून एक बारका बल्ब काढून या टेबलावर ठेवला.

मी विचारलं, "ह्यो कशाचा?"

"तांबड्या दिव्याचा. काडून टाकला. चार दिस तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. ब्रश आलं की घालतो परत."

"आणि बॅटरी उतरली तर?"

"उतरतीया कशानं? नुसत्या इंजिनाला कितीसं लागतंय? चातुर्मास हाय रं, म्होरलं दिवं तर लागतच न्हाईत." आणि हसला.

मीही हसलो. हिशेब बरोबर होता ना. मी बल्ब वहीच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवला. हसत हसत ठेवला.

सकाळी मष्णू मोटार न्यायला आला. त्यानं चावी फिरवली. बोर्ड काळाच राहिला. त्याचा चेहरा असा फुलला! "मिस्त्री, चावी फिरीवली तरी दिवा पेटला न्हाय बगा! लई ब्येस काम केलासा!"

बैलगाडीवरून आलेला माणूस. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इंजिन सुरू व्हायच्या आधी, नुसत्या चावीवर, तो दिवा पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर बल्ब गेलाय. पेटून विझला तरच सगळं ठीक. ज्योतिबा तिथं उभा होता. मीही उभा होतो, बॅटरी बसवायला आलो होतो. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि कुणी काही बोललं नाही.

एका दिवसाचं काम, पण कोर्टानं तारीख पुढं ढकलली आणि ते दोघं बेळगावात तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी अण्णा तिथंच थांबले आणि मष्णूला म्हणाले, तू मोटार घेऊन जा, दिवस बुडायच्या आत पोच. संकेश्वरच्या अलीकडं त्याचं टायर फुटलं. नीट होईपर्यंत अंधार पडला. संकेश्वरात त्याच्या ओळखीची दोन घरं होती. तांबडा दिवा पेटलेला असता, तर तो शंभर टक्के तिथंच राहिला असता. पण बोर्ड काळा होता. घरी पोरगी वाट बघत होती. त्यानं नेम मोडला आणि दिवे लावले.

तवंदी घाटात, स्तवनिधीच्या खालच्या वळणावर, बॅटरी संपली. दिवे गेले, इंजिनही गेलं. रस्त्याच्या मधोमध. मष्णू खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि काड्या ओढून ओढून बिघाड शोधत राहिला. वरून मालाची लॉरी येत होती...

सकाळी लोकांना त्याच्याभोवती जळालेल्या काड्या सापडल्या. अकरा.

पंचनामा झाला. लिहिलं गेलं की मोटार बिनदिव्याची आणत होता. सगळ्या गावाला अण्णांचा नेम ठाऊक, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. अण्णांनी ते मनाला लावून घेतलं. "माज्या नेमानं माणूस मेला," म्हणून ते आठ दिवस जेवले नाहीत. रुक्माबाईलाही तेच खरं वाटलं. किड्यांसाठी माझा नवरा मारला, असं ती वखारीच्या दारात उभी राहून ओरडली, आणि तिथलं काम सोडून गेली. अण्णांनी घरी धान्य पाठवलं, तिनं ते उंबऱ्याबाहेर ओतलं.

आणि खरं काय होतं? मोटार ओढून आणायला ज्योतिबा गेला होता. दिव्यांचं बटण चालू होतं. त्यानं ते पाहिलं, आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायच्या आत बंद केलं. हे त्यानं फक्त मला सांगितलं.

म्हणजे वर्षभर दोन माणसांना खरं माहीत होतं.

ज्योतिबानं मोटार नीट केली. नवे ब्रश घातले, पुढचे दिवे बदलले, पत्रा ठोकून सरळ केला. फक्त तो बल्ब मागायला तो माझ्याकडं कधी आला नाही. आणि मीही कधी आठवण केली नाही. बोर्डावर ती तांबडी काच तशीच होती, पण मागं बल्बची खोबणी रिकामी.

आता पुढचं नीट ऐका. भरमू, दार लोटून घे. वारा नको.

सन अडतीस. आश्विन वद्य दशमी, मंगळवार. रात्री साडेदहाला रुक्माबाई जयाला पाठुंगळी घेऊन गावातल्या डॉक्टरकडं गेली. पोरगी नऊ वर्षांची झाली होती. तीन दिवस घसा धरला होता. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि सांगितलं, घटसर्प आहे, घसा मिटत चाललाय, रातोरात बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं नळी घालतील. पहाटेपर्यंत थांबू नका.

एवढ्या रात्री मोटार एकाच माणसाची. ज्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाली होती, त्याच दारात रुक्माबाई गेली. अण्णा जागेच होते. तिनं काही बोलायच्या आत ते आत वळून चावी घेऊन आले. नवा ड्रायव्हर गावाला गेलेला, म्हणून ज्योतिबाला उठवलं. तो कचरला. चातुर्मास चालू आहे, दिवे लावावे लागतील, असं काहीतरी पुटपुटला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "लाव. सगळं दिवं लाव. जितकं जीव मरतील त्येचं पाप माज्या माथ्यावर. पोरगी जगू दे."

ताजी भरलेली बॅटरी मी माझ्या हातानं बसवली. मोटार सुटली तेव्हा दुकानातल्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पंचेचाळीस मैल. फार तर सव्वाएक.

इथून पुढचं ज्योतिबानं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तू बसलायस ना रवळू, त्याच खोक्यावर बसून.

घाट लागेपर्यंत सगळं ठीक होतं. रुक्माबाई मागं, पोरीचं डोकं मांडीवर. पोरीच्या श्वासाची शिटी ऐकू येत होती. स्तवनिधीच्या खालचं ते वळण आलं. ज्योतिबानं वळण घेतलं. आणि बोर्डावर तांबडा दिवा पेटला.

हात आपोआप चालले. मोटार बाजूला घेतली, उतरला, बॉनेट उघडलं. कंदिलाच्या उजेडात पट्टा दाबला. घट्ट. टोकं हलवून बघितली. पक्की. इंजिन जोरात फिरवलं, पुढचे दिवे लख्ख झाले. डायनामो चांगला पोसत होता. मग दिवा का? वायर कुठंतरी घासली असेल, असं म्हणून तो परत येऊन बसला.

आणि बसल्यावर त्याला आठवलं.

त्या दिव्यात बल्बच नव्हता.

"काय झालंय?" रुक्माबाईनं विचारलं.

"काय न्हाय, वैनी."

मोटार पुढं निघाली. दिवा तसाच. तो रस्त्याकडं बघायचा, आणि नजर खाली यायची. त्यानं टोपी काढून बोर्डावर टाकली. टोपीच्या कापडातून तांबडं दिसत राहिलं.

संकेश्वर गेलं. गावाबाहेर त्यानं पुन्हा मोटार थांबवली. हात बोर्डाच्या मागं घातला, चाचपून ती खोबणी बाहेर ओढली. कंदिलापुढं धरली. रिकामी. त्यानं आत बोट घातलं. थंडगार. खोबणी त्याच्या हातात होती, वायरीला लोंबत. आणि समोर बोर्डावरची काच पेटलेली होती.

"ज्योतिबाभावजी, पोरीला दम लागलाय. सारखं का थांबताय?"

"काय न्हाय वैनी... पट्टा बगत हुतो."

हे तो म्हणाला, आणि पुढचे दिवे मंद झाले.

पिवळे झाले. मग तांबूस. रस्ता दिसेना. मोटार कशीबशी ढकलत तो हत्तरगीच्या अलीकडं पोचला. तिथं इंजिनानं दोन आचके दिले. थांबलं. दिवे गेले. हातातला कंदील त्यानं लावायला घेतला, वात पेटेना.

दोन्ही बाजूंना उसाचं रान. चंद्र उगवायला अजून अवकाश. काळोख. फक्त ती एक तांबडी काच.

मग बॉनेटचा खटका वाजला.

ज्योतिबा जागेवर होता. रुक्माबाई मागं होती. पुढं कुणी नव्हतं. तरी बॉनेट वर गेल्याचा पत्र्याचा आवाज झाला... आणि मग बारीक, खरखरीत...

काडी ओढल्याचा आवाज.

उजेड नाही. ज्वाला नाही. नुसता आवाज, आणि गंधकाचा वास.

थोडा वेळ शांत. पुन्हा काडी. पुन्हा शांत. मोटार किंचित हलली, इंजिनावर कुणी वाकल्यावर हलते तशी. तिसरी काडी. चौथी.

ज्योतिबा मोजत होता. त्याला मोजायचं नव्हतं. तरी मोजत होता.

सातवीला मागून पोरगी बोलली. दोन दिवस तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. चिरकलेल्या आवाजात, अगदी स्वस्थपणे बोलली.

"आई... आप्पा काय हुडकाय लागल्यात?"

रुक्माबाईनं तिला पोटाशी ओढलं.

आठ. नऊ.

मष्णू अजून बिघाडच शोधत होता रे. तेरा महिने. कोण मोटारीत बसलंय, कुणाचा श्वास अडकलाय, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की दोन माणसांनी मोटार चांगली आहे म्हणून हातात दिली होती, आणि ती का बंद पडली ते त्याला कळलं नव्हतं.

दहा.

"ज्योतिबाभावजी." रुक्माबाईचा आवाज. "ह्ये काय हाय?"

त्याच्या तोंडात पुन्हा तेच आलं. काय न्हाय. शब्द ओठापर्यंत आला. किती वेळ ओठावर राहिला तो, त्यालाही सांगता येत नव्हतं. पोरीची शिटी बारीक होत चालली होती, आणि हा अंधारात तोंड उघडं टाकून बसला होता. एवढा मोठा मिस्त्री. एक वाक्य बोलता येईना.

अकरावी काडी ओढली गेली.

त्यानंतर काय होणार, ते त्याला ठाऊक होतं. अकरावीनंतर लॉरी आली होती.

"म्या काडला," ज्योतिबा ओरडला. "मष्णू, म्या काडला रं! बल्ब म्या काडला! डायनामो बंद हुता. तुला म्हाईत नव्हतं. तू दिवं लावलंतास... बटन चालू हुतं, म्या बंद केलं. तुजी चूक न्हाय. अण्णांचीबी न्हाय. माजी. माजी हाय."

शांत.

काच काळी झाली.

रातकिडे ओरडत होते. ते मघापासून बंद होते, हे त्याला तेव्हा कळलं. मागं रुक्माबाई होती. त्यानं मान वळवली नाही. वळवायची छाती झाली नाही.

मग ती म्हणाली, "मोटार चालीव."

त्यानं बटण दाबलं. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. पुढचे दिवे लख्ख. जणू काही झालंच नव्हतं. त्यानं काकतीचा चढ, बेळगावचे रस्ते, सगळं कसं पार केलं ते त्याला आठवत नाही. दवाखान्याच्या फाटकात मोटार शिरली तेव्हा दोन वाजून गेले होते.

डॉक्टर धावत आले. पोरीला आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होती.

अर्धा तास. घाटातली दहा मिनिटं, संकेश्वरबाहेरची दहा, आणि हत्तरगीच्या अंधारात तो तोंड उघडून बसला होता ती. ज्योतिबानं ही बेरीज माझ्यापुढं तीन वेळा केली. प्रत्येक वेळी अर्ध्या तासाच्या वरच भरली.

रुक्माबाई रडली नाही. गेलेल्या पोरीला दोन्ही हातांवर घेऊन मोटारीत बसताना त्याला एवढंच म्हणाली, "घाटातच बोलला असतास तर..."

दुसऱ्या दिवशी ज्योतिबानं अण्णांच्या ओट्यासमोर, पंचवीस-तीस माणसांत, सगळं सांगितलं. अण्णा तिथंच खाली बसले. नेमाच्या दोषातून सुटल्याचा आनंद त्यांना झाला नाही. तिसऱ्या दिवशी ज्योतिबा इथं आला, मला हे ऐकवलं, हत्यारांची पेटी तिथं कोपऱ्यात ठेवली आणि गेला. कुठं गेला, ठाऊक नाही. पेटी अजून आहे, मी वापरत नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं ओट्यासमोर सांगितली नव्हती. बल्ब कुठं ठेवला होता, ते. मला वाचवलं त्यानं. दोस्त होता.

रुक्माबाई गाव सोडून नंदगडकडं निघाली त्या सकाळी माझ्या दारात आली. हातात एक गाठोडं. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "मारुतीराव, तुमी त्येचं दोस्त. बॅटरी तुमीच भरून दिलतासा. तुमास्नी ठावं हुतं का?"

वर्षभर ती माझ्या दारावरून पाण्याला जात होती. दररोज. एकदा हाक मारून सांगितलं असतं तर घाटात कुणी कुणाला वाट बघायला लावली नसती. अण्णा सुटले असते, ती सुटली असती, मष्णूही सुटला असता. पोरगी सव्वाएकला दवाखान्यात असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. तिचे डोळे माझ्यावर होते.

आणि मी म्हणालो, "न्हाय. मला काय ठावं?"

ती मान हलवून निघून गेली.

मी आत आलो. इथं, या टेबलाशी. कागद जळाल्याचा वास येत होता. मी दुकानभर बघितलं, बॅटऱ्या बघितल्या, वायरी बघितल्या. सगळं बंद होतं. मग हा खण उघडला.

भरमू, कंदील इकडं आण. रवळू, ही डबी घे. भिऊ नकोस, आज थंड आहे. त्या दिवशी हातात धरवत नव्हती.

उघड. हा तो कागद. वहीचा, माझ्याच अक्षरात तारीख आहे बघ वर. मधोमध जळून भोक पडलंय, आणि कडा तपकिरी. आणि हा बल्ब. ठेवला तेव्हा याची काच स्वच्छ होती, मी स्वतः फडक्यानं पुसून ठेवली होती. आता बघ कंदिलाकडं धरून. आतून काळी झाली आहे, रात्र रात्र पेटत राहिलेल्या बल्बाची होते तशी.

याला वायर नव्हती. बॅटरी नव्हती. तेरा महिने हा या डबीत, कागदात गुंडाळून, नुसता पडून होता.